२०१९ चं केंद्रीय मंत्रिमंडळ बरं की २०२४ चं? बेळगावच्या नजरेतून

२०१९ ला भाजपचे एकट्याचे ३०३ खासदार, कुणाची मनधरणी नाही, आणि आपल्या बेळगावच्या सुरेश अंगडींना रेल्वे राज्यमंत्रिपद मिळालं, कित्तूरमार्गे धारवाड लाईनचा विषय दिल्लीत हलला. २०२४ ला गाडी २४० वर अडली, मग तेलुगू देसमचे १६, नितीशकुमारांचे १२ धरून सरकार, त्यात कर्नाटकातल्या जेडीएस पक्षाचे खासदार दोनच तरी कुमारस्वामी डायरेक्ट कॅबिनेट, आणि वर्षाच्या आत काँग्रेसमध्ये जाऊन परत आलेले, बेळगावातून जिंकलेले माजी मुख्यमंत्री शेट्टर बाहेरच! शेजारची चिकोडीची जागा तर काँग्रेसकडे गेली, तिथून मंत्रिपदाचा प्रश्नच मिटला. मला विचाराल तर बेळगावला २०१९ चंच बरं. सीमाप्रश्न मात्र दोन्ही वेळेला कुणाच्याच अजेंड्यावर नाही, तो २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडलाय.