अपघाताचा दावा: लोकअदालतीत मिटवावा की निकालापर्यंत न्यावा?

अपघातात हाड मोडलं, दावा दाखल झाला, दोन-चार तारखा पडल्या की एक दिवस वकिलांचा फोन येतो. "येत्या लोकअदालतीत तुमचं प्रकरण ठेवलंय. विमा कंपनी बोलायला तयार आहे, विचार करून या." विचार काय करायचा, हे मात्र कुणी नीट सांगत नाही. मला तो फोन २०२३च्या सप्टेंबरात आला. मी लोकअदालतीत जाऊन बसलो, आकडा ऐकला, उठून आलो आणि पुढे निकालापर्यंत गेलो. दोन्ही ठिकाणी काय घडतं ते पाहिलं आहे, म्हणून लिहितो. प्रत्येकाचं प्रकरण वेगळं असतं, त्यामुळे माझा निर्णय तुम्हालाही लागू पडेलच असं नाही.

आधी माझ्या हाताबद्दल, कारण सगळा हिशोब त्याच्यावर आहे. जून २०२२मध्ये पुणे-नाशिक रस्त्यावर ओव्हरटेक करत समोरून आलेल्या टेम्पोनं आमच्या गाडीला धडक दिली. माझ्या उजव्या हाताची कोपर ते मनगट दोन्ही हाडं मोडली. दोन प्लेटा बसल्या. माझं मोटर रिवाइंडिंगचं छोटं दुकान आहे, वय तेव्हा ४२. हाडं जुळली, पण हात पूर्ण वळत नाही. गिऱ्हाईक सुट्टे पैसे द्यायला लागलं की तळहात वर करून घेता येत नाहीत, खांदा तिरका करून हात पुढे करावा लागतो. स्क्रू पिळताना हात अर्ध्यावर अडकतो, मग पकड सोडायची, पुन्हा धरायची, पुन्हा पिळायचं. आधी अर्ध्या तासात उघडणारी मोटर आता तास खाते. अपंगत्वाच्या दाखल्यावर २४ टक्के लिहून आले.

तिसरी वाट म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम १६४. १ एप्रिल २०२२पासून लागू असलेल्या तरतुदीनुसार गंभीर दुखापतीला ठरावीक अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख मिळतात. चूक कुणाची हे सिद्ध करावं लागत नाही. हाड मोडणं ही कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापतच. समोरच्याची चूक दाखवणं अवघड असेल, साक्षीदार नसेल, पंचनामा संदिग्ध असेल तर ही वाट वाईट नाही. पण ते पैसे एकदा स्वीकारले की कलम १६६चा, म्हणजे समोरच्याची चूक दाखवून पूर्ण भरपाई मागण्याचा दावा संपतो, हे सही करण्याआधी माहीत असू द्या. माझ्या प्रकरणात टेम्पोचालकावर गुन्हा नोंद होता, स्थळपंचनाम्यात टेम्पो आमच्या बाजूला आलेला स्पष्ट दिसत होता. म्हणून १६६. आणि तो दावा अपघात झाला तिथेच लावावा लागत नाही, आपण राहतो तिथल्या मोटार अपघात दावा प्राधिकरणातही (असे दावे चालवणारं कोर्ट) चालतो. मोडका हात घेऊन दर तारखेला दुसऱ्या जिल्ह्यात जायचं म्हटलं असतं तर मी केव्हाच कंटाळलो असतो.

आता मूळ प्रश्न. लोकअदालतीची बाजू खरोखर भक्कम आहे आणि तिला नावं ठेवण्याचा माझा हेतू नाही. एका दिवसात विषय मिटतो. उलटतपासणी नाही, डॉक्टरांना साक्षीला आणण्याची खटपट नाही, भरलेली कोर्ट फी परत मिळते. कंपनी अपिलात जाईल ही धास्तीही नाही, कारण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपीलच नाही. माझ्या आधीच्या टेबलावर एक आजोबा होते. पायाला फ्रॅक्चर झालेलं, हाड पूर्ण जुळलेलं, काठीशिवाय चालत आलेले. औषधपाण्याचा खर्च आणि वर थोडे पैसे ठरले, पुरसीस (तडजोडीचा लेखी कागद) लिहिली, अंगठा झाला. त्यांचं काहीच चुकलं नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही मिटवलं असतं.

माझ्या टेबलावर गोष्ट वेगळी झाली. समोर कंपनीचे अधिकारी, शेजारी त्यांचे वकील, पॅनेलवर न्यायाधीश आणि आणखी दोघं. सगळे सौजन्यानं बोलत होते. अधिकाऱ्यांनी दाखला पाहिला आणि म्हणाले, "हे २४ टक्के हाताचे. अख्ख्या शरीराचे धरायचे तर एक तृतीयांश, म्हणजे ८." माझ्या आयकर विवरणपत्रांवरून महिना वीस हजार उत्पन्न त्यांनी मान्य केलं, ४२ वयाला १४चा गुणक (वयानुसार किती वर्षांची कमाई धरायची तो आकडा) लावला, आणि कागदावर २ लाख ६८ हजार आले. त्यात दवाखान्याची बिलं मिळवून वेदनांपोटी काही धरले आणि साडेचार लाखांचा आकडा माझ्यापुढे ठेवला.

टक्क्यांबद्दल मी भांडायला तयार होतो, तो भाग नंतर सांगतो. मला उठवलं ते दुसऱ्याच एका गोष्टीनं.

माझ्या हातात प्लेटा तशाच होत्या. थंडीत स्क्रूच्या जागी ठणकायचं, दुकानात कडेला हात टेकला की डोक्यात कळ जायची. डॉक्टरांनी लिहून दिलं होतं की हाड पुरतं भरल्यावर प्लेटा काढाव्या लागतील, अंदाजे खर्च पन्नास हजार. ती चिठ्ठी मी पुढे केली. अधिकारी म्हणाले, "याचं बिल?"

मी म्हणालो, "ऑपरेशन अजून व्हायचंय."

"मग बिल झालं की आणा ना."

"तेव्हा देणार का तुम्ही?"

यावर त्यांनी वकिलांकडे पाहिलं. वकील म्हणाले, "आज मिटलं की प्रकरण बंद होतं, नंतर काही मागता येत नाही." म्हणजे बिल आज हवं, ऑपरेशन उद्याचं, आणि उद्या दार बंद. मी हीच गोष्ट जरा वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारली. पुन्हा तेच उत्तर आलं, "बिल असेल तर आपण लगेच धरू." बायको शेजारी बसली होती. तिनं हळूच विचारलं, "अहो, न झालेल्या ऑपरेशनचं बिल कुठून आणायचं?" पॅनेलवरच्या न्यायाधीशांनी कंपनीला पाच-दहा हजार वाढवायला सुचवलं, कंपनीनं वाढवलेही. पण तोवर माझं मन उठलं होतं. रक्कम कमी-जास्त होते, ते समजतं. हात अजून बरा व्हायचाय, त्यात लोखंड आहे, ही गोष्टच त्या टेबलावर कुठे बसत नव्हती. तिथे जे छापील होतं तेच खरं होतं.

तडजोडीत भविष्यातला खर्च धरता येत नाही असं नाही, समजूतदार अधिकारी असेल तर धरतोही. पण तो धरायला लावेल असं तिथे कुणी नाही. प्राधिकरणात मात्र पुढच्या उपचारांचा खर्च हा भरपाईचा स्वतंत्र शीर्षकच आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली राजकुमार विरुद्ध अजय कुमार या प्रकरणात दुखापतीच्या दाव्यात काय काय धरायचं ते क्रमानं सांगितलंय, त्यात तो येतो. आणि त्याला बिल लागत नाही, डॉक्टरांची साक्ष लागते.

ती साक्ष हीच दुसऱ्या बाजूची खरी डोकेदुखी. दाखल्यावर सही करणारे डॉक्टर येऊन शपथेवर सांगत नाहीत तोवर त्या कागदाला फारसं वजन नसतं. डॉक्टरांना समन्स काढलं. पहिल्या तारखेला ते ऑपरेशनमध्ये होते, दुसऱ्या तारखेला न्यायाधीश रजेवर, तिसऱ्या तारखेला डॉक्टर आले तर कंपनीच्या वकिलांनी मुदत मागितली. प्रत्येक तारखेला माझं दुकान बंद. चौथ्या वेळी साक्ष झाली. या सात महिन्यांत दोनदा तरी मला वाटलं की ते साडेचार लाख घेऊन टाकायला हवे होते. ज्याच्या घरात दुसरं कमावणारं कुणी नाही, उधारी डोक्यावर आहे, त्याला मी "लढा" असं छातीठोकपणे सांगणार नाही.

पण साक्षीच्या पिंजऱ्यात जे झालं ते लोकअदालतीत झालं नव्हतं. उलटतपासणीत कंपनीच्या वकिलांनी सुचवलं की मी आजही दुकान चालवतो, म्हणजे कमाई बुडालेली नाही. न्यायाधीशांनी मला दोन्ही हात समोर धरून तळवे वर करायला सांगितले. डावा वळला, उजवा आडवाच राहिला. मग विचारलं, "रिवाइंडिंगमध्ये हाताचं काम काय असतं?" मी सांगितलं, ते त्यांनी टायपिस्टला शब्दशः लिहायला लावलं. दोन मिनिटांचाच प्रकार. वर्षभरात पहिल्यांदा कुणीतरी दाखला बाजूला ठेवून हात पाहिला होता.

टक्क्यांचा मुद्दा इथे येतो. त्याच राजकुमार निकालात म्हटलंय की शरीराचं अपंगत्व आणि कमाईची क्षमता घटणं या दोन वेगळ्या गोष्टी. डावा हात गेलेल्या सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळजवळ पूर्ण जाऊ शकते, आणि तोच हात गेलेल्या सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. म्हणजे हाताचे २४ टक्के शरीराचे ८ होतात की नाही एवढ्यावर थांबायचं नाही, त्या माणसाच्या धंद्यात त्यामुळे किती खोट येते ते पाहायचं. माझी खोट १५ टक्के धरली गेली.

एवढंच नाही, स्वतःचा धंदा करणाऱ्याचं वय ४० ते ५० असेल तर उत्पन्नात भविष्यातल्या वाढीपोटी २५ टक्के मिळवतात. वाढीचे हे टक्के सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०१७मध्ये मृत्यूच्या दाव्यासाठी ठरवले, आणि दुखापतीत कायमचं अपंगत्व आलं तरी ही वाढ धरायची हे २०२०मध्ये स्पष्ट झालं. लोकअदालतीतल्या हिशोबात ही वाढ नव्हती आणि मलाही तेव्हा माहीत नव्हती. माझ्या बाबतीत वीस हजारांचे पंचवीस झाले, वर्षाचे तीन लाख, गुणिले १४ म्हणजे ४२ लाख. अपंगत्वाच्या एका टक्क्याची किंमत ४२ हजार. टेबलावर कुणी सहज "चला, ८ धरू" म्हणतं तेव्हा हा आकडा खिशात असावा. तडजोडच करायची असली तरी वकिलांकडून हा गुणाकार आधी मांडून घ्या आणि मग जाऊन बसा.

मला मेडिक्लेम नव्हता, पण ज्यांना आहे त्यांना एक गोष्ट उपयोगी पडेल. मेडिक्लेममधून बिलं मिळाली आहेत म्हणून ती रक्कम वजा करा, असा आग्रह कंपन्या धरत आल्या आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं मार्च २०२५मध्ये ती वजावट करता येत नाही असा निर्णय दिला. तडजोडीच्या आकड्यातून ते पैसे गुपचूप कापलेले नाहीत ना, एवढं विचारून घ्या.

निवाडा ऑगस्ट २०२५मध्ये झाला. लोकअदालतीतल्या आकड्याच्या दुपटीहून थोडी जास्त रक्कम, वर अर्ज दाखल झाल्या दिवसापासून साडेसात टक्के व्याज. लांबलेल्या तारखांचा त्रास या व्याजानं भरून निघत नाही, पण पावणेतीन वर्षांत ते मुद्दलाच्या पाचव्या हिश्श्याएवढं होतं, आणि तडजोडीच्या रकमेवर ते सहसा वेगळं दिसत नाही. कंपनी अपिलात गेली असती तर उच्च न्यायालयात आणखी काही वर्षं गेली असती, हा धोका होताच. माझ्या नशिबानं गेली नाही. निम्मी रक्कम मुदतठेवीत ठेवायचा आदेश झाला, तेव्हा सगळे पैसे हातात पडतील असं धरून कर्ज काढू नका.

वकिलांच्या फीबद्दलही लिहायला हवं. "मिळतील त्यातले इतके टक्के" असा ठराव अनेक ठिकाणी होतो. बार कौन्सिलच्या नियमांत तो बसत नाही. शिवाय टक्के ठरलेले असले की तडजोडीचा सल्ला आपल्यासाठी आहे की फीसाठी, ही शंका मनात राहतेच. आकड्यात फी ठरवा, पावती घ्या. आणि तडजोड व्हायची असेल तर पुढे होईल, पण दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करून ठेवा. त्या मुदतीवर वरच्या कोर्टात वाद चालू असला तरी त्याच्या भरवशावर राहू नये.

तर दुखापत पूर्ण बरी झालेली असेल, अपंगत्व नसेल, किंवा चुकीचा थोडा वाटा आपलाही निघण्यासारखा असेल, तर लोकअदालतीत बसायला माझी हरकत नाही. घरात पैशांची आजच नड असेल तरीही नाही. पण अंगात रॉड किंवा प्लेट आहे, पुढचं ऑपरेशन बाकी आहे आणि पोट हातावर आहे, अशा माणसानं निदान डॉक्टरांची साक्ष होईपर्यंत थांबावं, असं मला वाटतं. साक्षीनंतरही लोकअदालती भरतातच. तेव्हा कंपनीचा आकडा बदललेला असतो.

माझ्या प्लेटा दिवाळीनंतर काढल्या. प्राधिकरणानं पुढच्या उपचारांपोटी पन्नास हजार धरले होते, बिल अठ्ठावन्न हजारांचं झालं. हात अजून आडवाच राहतो, ठणका मात्र गेला.