लिनक्ससीएनसीवर स्वतः लिहिलेला एम६: दहा महिन्यांनंतर

लिनक्ससीएनसी म्हणजे संगणकावरून सीएनसी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, आणि एम६ म्हणजे टूल बदलण्याची कमांड. टूल आपोआप बदलणारा तिचा मॅक्रो मीच लिहिला. मशीन साधंच: ॲल्युमिनियम प्रोफाइलचा राउटर, २४,००० आरपीएमचं आयएसओ२० स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर; आयएसओ२० हा टूल-होल्डरच्या टेपरचा, म्हणजे निमुळत्या भागाचा, आकार), बेडच्या मागच्या कडेला सहा फोर्कची (होल्डर धरून ठेवणाऱ्या चिमट्यांची) सरळ रॅक, कोपऱ्यात टूलसेटर (टूलची लांबी मोजणारा सेन्सर). ऑगस्ट ते मे, नागपुरात, म्हणजे तिन्ही ऋतू बघून झाले.

सेटिंगच्या आयएनआय फाइलमध्ये रीमॅपची (कमांडला आपला कोड जोडणारी) एक ओळ टाकली की एम६ आल्यावर आपली एनजीसी फाइल, म्हणजे जी-कोडचा मॅक्रो, चालते. हालचालीचा भाग एका संध्याकाळी लिहून होतो: झेड वर, रिकाम्या फोर्कसमोर, खाली, आत, ड्रॉबार (होल्डर स्पिंडलमध्ये पकडून ठेवणारा दांडा) उघडा, वर, पुढच्या टूलवर खाली, ड्रॉबार बंद, बाहेर. सगळे मूव्ह जी५३ने (मशीनच्या स्वतःच्या झीरोपासून मोजून), नाहीतर जॉबचा झीरो बदलला की रॅकही 'सरकते'. पुढचे महिने जातात ते तपासण्या लिहिण्यात.

एम६४ने (आउटपुट चालू करणारी कमांड) ड्रॉबारचा हवेचा वॉल्व्ह चालू झाला म्हणजे होल्डर सुटला असं धरू नका. अनेकजण तिथे जी४ पी१ (एक सेकंद थांबा) टाकून मोकळे होतात. टाकी भरलेली असते तोवर ते चालतं. स्पिंडलला ६ बार लागतात, आणि २५ लिटरच्या कॉम्प्रेसरवर कोणी ब्लो-गन धरली की दाब झपकन उतरतो. मग ड्रॉबार अर्धवट उघडतो आणि झेड वर जाताना फोर्कच उपटतो. म्हणून ड्रॉबारच्या सेन्सरवर एम६६ पी१ एल३ क्यू२ (इनपुट १ चालू होण्याची दोन सेकंदांपर्यंत वाट बघा) लावा. दोन सेकंदांत सिग्नल आला नाही तर निकाल ठेवणाऱ्या #५३९९ या व्हेरिएबलमध्ये -१ मिळतो. तो दिसला की तिथेच थांबायचं. ५.५ बारचा प्रेशर स्विच मॅक्रोच्या अगदी सुरुवातीला तपासा.

स्पिंडल थांबवणाऱ्या एम५चंही तसंच. कमांड लगेच पुढे जाते, स्पिंडल मात्र व्हीएफडीत (स्पिंडलचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह) दिलेल्या वेळाने थांबतं. व्हीएफडीचा झीरो-स्पीड रिले इनपुटला जोडला की अंदाजाचं काम उरत नाही.

नवख्यांना हमखास छळणारी गोष्ट वेगळीच: फाइल नुसती उघडली तरी एरर येतो. प्रिव्ह्यूसाठीही तोच मॅक्रो चालतो आणि तिथे खरे इनपुट नसतात. #<_task> हे व्हेरिएबल शून्य असेल, म्हणजे प्रिव्ह्यू चालू असेल, तर सुरुवातीलाच परत फिरा.

टूलची लांबी जी३८.२ने (टूलसेटरला टेकेपर्यंत खाली जाणं) मोजतो. त्याआधी जी४९ (लांबीचा ऑफसेट रद्द करणं) हवाच. टेकल्याची झेडची जागा #५०६३ मध्ये येते; तो आकडा चालू ऑफसेट धरून येतो, त्यामुळे आधीच्या टूलचा जी४३ (लांबीचा ऑफसेट लागू करणं) राहिला तर नव्या टूलची लांबी तेवढीच चुकते, आणि हे कळतं ते कटर बेडमध्ये घुसल्यावर. मोजून झालं की जी१० एल१ (लांबी टूल टेबलमध्ये लिहिणं), मग जी४३.

वीज गेली की कंट्रोलर परत सुरू होताना टी० (टूल नाही) समजतो, स्पिंडलमध्ये मात्र टूल असतं. पुढचा एम६ थेट दुसऱ्या होल्डरवर आपटणार. टूलचा नंबर व्हेरिएबल फाइलमध्ये लिहून ठेवण्याचा उपाय इथे लंगडा आहे, कारण ती फाइल नीट बंद करतानाच लिहिली जाते. टूल-प्रेझेंट सेन्सर चालू आणि #५४०० (चालू टूलचा नंबर) शून्य, अशी जोडी दिसली की मॅक्रो थांबवा आणि हाताने एम६१ क्यू आणि पुढे स्पिंडलमधल्या टूलचा नंबर द्या. तीनशे-चारशे रुपयांचा प्रॉक्सिमिटी सेन्सर, पण सगळ्यात जास्त उपयोगाचा.

रॅकचे आकडे वर्षातून दोनदा तरी मोजावे लागतात. जानेवारीची सकाळ १२ अंश, मेची दुपार पत्र्याखाली ४२. बेड ॲल्युमिनियमचा, बॉलस्क्रू पोलादी. होमपासून ६०० मिमीवरच्या फोर्कला ०.२ मिमीचा फरक पडतो. होल्डर फोर्कमध्ये घासत जाण्याचा आवाज आला की समजायचं.

ग्रबल १.१च्या (छोट्या बोर्डवर चालणारं सीएनसी सॉफ्टवेअर) बोर्डला एम६ कळतच नाही, तिथे हा खटाटोप करू नका. जॉबला दोनच टूल लागत असतील तर हाताने बदल आणि टूलसेटर एवढं पुरे. रॅक मात्र कूलरच्या झोतात ठेवू नका. ओल्या हवेने टेपरवर आठवड्यात तांबूस डाग येतात, आणि तसा होल्डर नीट बसत नाही.