‘२८ कोअरचा सर्व्हर प्रोसेसर’ म्हणून ₹७२,५०० ला गंडवलं. ठाणे-नवी मुंबईकरांनो, सावध राहा

नवी मुंबईच्या एमआयडीसी पट्ट्यात एका गाळ्यात ‘सर्व्हर ग्रेड वर्कस्टेशन’ विकणारा माणूस बसतो. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार करायची आहे आणि वकिलांनी तोवर नाव घेऊ नका असं बजावलंय. पण त्याची भाषा ओळखून ठेवा: ‘२८ कोअर’, ‘६४ जीबी रॅम’, ‘डेटा सेंटरचा माल’, ‘आय५ विसरा साहेब’. हे सगळं एका जाहिरातीत दिसलं की पैसे खिशातच ठेवा. (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा एकेक भाग.)

माझं ठाणे पश्चिमेला ड्राफ्टिंगचं काम आहे. मी एकटाच करतो, बायको हिशेब बघते. जुन्या सोसायट्या पुनर्विकासाला निघाल्यात, त्यांचे प्लॅन, सेक्शन, पार्किंगचे लेआउट आर्किटेक्टना करून देतो. हल्ली कमिटीवाल्यांना सभेत दाखवायला थ्रीडी व्ह्यू हवे असतात. माझं जुनं मशीन आय५-९४०० या इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरचं होतं. ऑटोकॅड, म्हणजे आमचं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर, त्यावर सुरळीत चालायचं, रेंडर (थ्रीडी व्ह्यूचं पक्कं चित्र तयार करणं) मात्र रात्रभर. म्हणून नवीन घ्यायचं ठरवलं आणि आय५-१२४०० च्या आसपासचं काहीतरी मनात धरून दुकानं फिरायला लागलो. तिथे हा भेटला.

त्याने लावलेला भाव जसाच्या तसा देतो. प्रोसेसर ₹३२,०००. मदरबोर्ड ₹१४,५००. रॅम ₹१३,०००. ग्राफिक्स कार्ड ₹९,५००. कॅबिनेट, एसएमपीएस आणि एसएसडी मिळून ₹९,५००. एकूण ₹७८,५००. जुनं मशीन त्याने ₹६,००० ला परतीत घेतलं, म्हणजे माझ्या खिशातून ₹७२,५०० गेले. ₹२०,००० आगाऊ, ₹४०,००० यूपीआयने आणि ₹१२,५०० रोख. रोख कशासाठी, तर ‘साहेब, लेबरला आजच द्यायचेत.’ त्या ₹१२,५०० ची पावतीच नाही. कितीही घाईत असलात तरी रोख देऊ नका.

‘ऐरोली, महापेच्या डेटा सेंटरमध्ये हेच चालतं साहेब. चोवीस तास, वर्षानुवर्षं, एकदाही बंद न पडता. डेस्कटॉपचे प्रोसेसर पोरांच्या गेमिंगसाठी.’ हे त्याचं वाक्य. यातला अर्धा भाग खरा आहे, म्हणून तर ते गळी उतरतं. त्याने मला दिला तो इंटेलचा झिऑन, आणि झिऑन हा सर्व्हरचाच प्रोसेसर. एकाच वेळी शंभर माणसांची शंभर कामं वाटून घ्यायची, ढिगाने रॅम लावायची, मेमरीतली चूक आपोआप दुरुस्त करणारी ईसीसी रॅम वापरायची, यासाठी तो बनतो. तिथे एकेका कोअरचा वेग थोडा कमी असला तरी बिघडत नाही, कोअर भरपूर हवेत. ऑटोकॅडचं उलट आहे. रेषा ओढा, हॅच मारा, रीजेन करा, जवळजवळ सगळा भार एका कोअरवर येतो. बाकीचे सत्तावीस असोत नाहीतर सत्तर, ते बसून राहतात. हे त्या माणसाला पक्कं माहीत होतं. मी काय काम करतो ते त्याने आधी नीट विचारून घेतलं होतं.

आणि त्याने मला दिलेला झिऑन कुठला? ई५-२६८० व्ही४. इंटेलने तो २०१६ साली बाजारात आणला. मूळ वेग २.४ गिगाहर्ट्झ, जास्तीत जास्त ३.३. माझा ₹६,००० ला गेलेला आय५-९४०० हा २०१९ चा आणि ४.१ पर्यंत जाणारा. म्हणजे ₹७२,५०० मोजून मी रोजच्या कामाला आधीपेक्षा हळू चालणारं मशीन घरी आणलं. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा माझे हात थरथरत होते.

आता दुकानातला तो प्रसंग. रात्री झोपताना तोच डोळ्यांसमोर येतो.

त्याने टास्क मॅनेजर, म्हणजे कॉम्प्युटरवर किती भार आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडून दाखवला. पडद्यावर २८ चौकोन, सगळे वर-खाली नाचताहेत. ‘मोजा साहेब, अठ्ठावीस.’ मी मोजले. त्याच खिडकीत, त्या चौकोनांच्या खाली, बारीक अक्षरांत सगळं लिहिलेलं असतं: मूळ वेग २.४०, कोअर १४, लॉजिकल प्रोसेसर २८. प्रोसेसरचं पूर्ण नाव तर वरच्या कोपऱ्यात असतं. चौदा कोअर, प्रत्येकाचे दोन धागे (म्हणजे एक कोअर एका वेळी दोन कामं हाताळतो), म्हणून अठ्ठावीस चौकोन. त्याने खिडकी अशी सरकवून ठेवली होती की खालचा भाग पडद्याबाहेर जात होता. मग सिनेबेंच हा प्रोसेसरचा वेग मोजणारा प्रोग्रॅम लावला, तीही सगळे कोअर एकदम पळवणारी चाचणी. आकडा खरोखर मोठा आला. एका कोअरची चाचणी लावा म्हटलं तर ‘तिला फार वेळ लागतो, तुमचा खोळंबा नको’.

माझ्या खिशात पेनड्राइव्ह होता. त्यात एका सोसायटीचं जड ड्रॉइंग होतं, सात इमारतींचा लेआउट. म्हटलं, हे उघडून बघू. तो म्हणाला, ‘बाहेरचा पेनड्राइव्ह आम्ही लावत नाही साहेब, व्हायरसचा प्रश्न असतो.’ आणि मी तो परत खिशात ठेवला. ते ड्रॉइंग तिथे उघडलं असतं तर दोन मिनिटांत सगळं उघडं पडलं असतं. पण दुकानदाराने व्हायरसचं कारण सांगितल्यावर त्याच्याशी भांडणारा माणूस मला दाखवा. माझ्या ऑफिसातही मी कुणाचा पेनड्राइव्ह थेट लावू देत नाही. मला ते रास्तच वाटलं. ज्यांना वाटतं की असं फक्त अडाण्यांचं होतं, त्यांनी प्रोसेसरच्या पिढ्या आणि मॉडेल नंबर तोंडपाठ म्हणून दाखवावेत. नागरिकाने गिऱ्हाईक म्हणून दुकानात जाताना इंजिनिअरिंग शिकून जायचं असतं का?

घरी आल्यावर रेंडर वेगात झालं, ते नाकारत नाही. त्यामुळेच सुरुवातीला संशय आला नाही. पण त्या सात इमारतींच्या लेआउटमध्ये झूम केलं की चित्र अडखळायचं, एक ब्लॉक हलवला की थांबून राहायचं. मला वाटलं फाइल खराब झाली. मग भाचा आला, तो नेटवर्किंगमध्ये आहे. त्याने सीपीयू-झेड हा प्रोसेसरची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम टाकला आणि गप्पच झाला. मी विचारलं, काय रे? ‘मामा, याचे किती दिलेस?’ आकडा सांगताना जीभ अडखळली.

मग एकेक बाहेर आलं. डेटा सेंटरं जुने सर्व्हर मोडीत काढतात, त्यातून हे प्रोसेसर निघतात. वापरलेला तोच प्रोसेसर सुटा दोन-तीन हजारांत मिळतो. माझ्याकडून बत्तीस हजार घेतले. मदरबोर्डवर ठसठशीत एक्स९९ छापलंय, ते एका चिपसेटचं, म्हणजे बोर्डावरचे भाग जोडणाऱ्या चिपचं नाव, पण आतली चिपसेट भलतीच, जुन्या बोर्डावरून काढून नव्या चिनी बोर्डावर बसवलेली. ग्राफिक्स कार्ड क्वाड्रो के६२०, २०१४ सालचं. या झिऑनमध्ये स्वतःचं ग्राफिक्सच नसतं, त्यामुळे कार्ड घेणं भागच. आय५-१२४०० मध्ये ते आतच असतं. आणि विंडोज ११? या प्रोसेसरचं नाव मायक्रोसॉफ्टच्या मान्य यादीत नाहीच. तपासणीला वळसा देऊन ते घातलेलं होतं. पुढच्या आवृत्त्या यावर येतीलच याची काही हमी नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे मागे जायचीही सोय नाही.

सगळ्यात जास्त रॅमने छळलं. म्हटलं, निदान ६४ जीबी तरी नव्या साध्या बोर्डावर लावू, ₹१३,००० वाचतील. लागत नाही. ती सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम आहे, साध्या डेस्कटॉप बोर्डावर मशीन सुरूच होत नाही. कुणी स्वस्तात ढीगभर रॅम देत असेल तर ‘रजिस्टर्ड आहे का?’ हा प्रश्न तोंडावर विचारा आणि उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी घ्या.

दुकानात परत गेलो तर त्याचा चेहरा ओळख नसल्यासारखा. ‘मी २८ सांगितले, २८ दिसतात. नवीन असं मी कधी म्हणालो?’ बिल काढलं. बिलावर काय, तर ‘असेंबल्ड कॉम्प्युटर, एक नग’. मॉडेल नाही, सिरियल नंबर नाही, जीएसटी नंबर नाही. मी बिल मागितलं होतं हो, त्याने हे दिलं. वर कॅबिनेटवर त्याचं स्टिकर: सील तुटलं तर वॉरंटी रद्द. भाच्याने झाकण उघडलं होतं, म्हणून तीही गेली. इंटेलचा डबाबंद डेस्कटॉप प्रोसेसर घेतला की तीन वर्षांची वॉरंटी मिळते आणि डब्यावरचा नंबर इंटेलच्या साइटवर तपासता येतो. डबा नाही तर सौदा नाही. आणि प्रोसेसरच्या धातूवर ‘कॉन्फिडेन्शिअल’ असं कोरलेलं दिसलं तर तो कंपनीचा चाचणीचा नमुना, विकायला परवानगीच नसलेला. तसा माल तर हातातही धरू नका.

यापुढचं जास्त संतापजनक आहे. पोलिसांकडे गेलो. ठाण्याच्या बाजूला सांगितलं, दुकान नवी मुंबई आयुक्तालयात, तिकडे जा. तिकडे सांगितलं, तुम्ही राहता ठाण्यात, पैसेही तिथूनच गेले, तिकडे जा. हद्द कुणाचीही असो, गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात द्यायची सोय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे, झिरो एफआयआर म्हणतात त्याला. मी तो कागद छापून नेला. टेबलावरच्या साहेबांनी तो वाचलाही नाही. ‘वस्तू मिळाली ना? मग हा दिवाणी मामला.’ अहो, खोटं सांगून पैसे काढून घेणं ही फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे! ‘मशीन चालू होतंय ना?’ असं मला विचारलं गेलं. होतंय. म्हणून काय झालं? माझ्या शेजारी मोबाइल चोरीला गेलेला एक मुलगा बसला होता, त्यालाही तेच: तुमची हद्द कुठली. माणूस आधीच लुटला गेलेला असतो, त्याने नकाशा घेऊन हद्दी शोधत फिरायचं?

एका हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. दुकानदाराने ‘ग्राहक डिलिव्हरीच्या वेळी समाधानी होता’ एवढं उत्तर टाकलं आणि तक्रार बंद. मला साधा फोन नाही. पुढे ज्या कचेरीत गेलो तिथल्या बाईंनी कागद चाळले आणि म्हणाल्या, व्यवसायासाठी घेतलंय, तुम्ही ग्राहकच नाही. तेही चूक आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २(७) चं स्पष्टीकरण वाचा: स्वयंरोजगारातून स्वतःचं पोट भरण्यापुरतीच घेतलेली वस्तू व्यापारी कारणासाठी धरत नाहीत. मी एकटा माणूस रेषा ओढून घर चालवतो. मला कुठली कंपनी समजतात हे? कायदे चांगले केलेत, पण ते काउंटरपलीकडच्या माणसाला गिऱ्हाइकाने समजावून सांगायचे, अशी पद्धत पडली आहे. आणि पगार त्यांना मिळतो.

घेण्याआधी आपलं रोजचं सॉफ्टवेअर, आपली रोजची फाइल त्या मशीनवर उघडायला लावा. ‘नाही’ म्हटलं की बाहेर पडा. एका कोअरचा वेग विचारा. नावाच्या शेवटचं व्ही३, व्ही४ सोडू नका, तेच वय सांगतं. पूर्ण नाव इंटेलच्या साइटवर टाकलं की बाजारात आल्याचं वर्ष मिळतं. ज्यांचं काम खरोखर रेंडरचंच आहे, घरात दहा व्हर्च्युअल मशीनं चालवायची आहेत, त्यांनी जुना झिऑन जुना म्हणून, जुन्याच्या भावात घ्यावा, माझं काही म्हणणं नाही. नव्याच्या भावात घेऊ नका. आणि ठाण्यात राहता तर ठाण्यातच दावा करता येतो. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची.

माझा मसुदा वकिलांकडे तयार आहे. त्याच पट्ट्यातून असंच ‘२८ कोअर’ मशीन घेतलेलं आणखी कुणी असेल तर बिल, यूपीआयची नोंद आणि टास्क मॅनेजरचा फोटो जपून ठेवा आणि मला कळवा. सारख्याच तक्रारीचे बरेच ग्राहक असतील तर त्याच कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे आयोगाच्या परवानगीने एकत्र अर्ज करता येतो. मी एकटाही करणारच आहे, पण चार-पाच जण असलो तर ‘ग्राहक समाधानी होता’ हे उत्तर त्याला तिथे देता येणार नाही.