वीड पुलर: काही महिने वापरल्यावर (लव्हाळा असेल तर आधी वाचा)

माझ्या वीड पुलरचा (उभ्याने तण मुळासकट उपटायच्या हत्याराचा) खटका तुटला, आणि ‘ही वापरातली झीज आहे, वॉरंटीत बसत नाही’ म्हणून कंपनीने हात वर केले. त्या संतापातच लिहायला बसलोय.

नख्या, पायाचं पेडल, लांब दांडा हे बहुतेक वीड पुलरना असतं. माझं भांडण फक्त खटक्याशी आहे. अख्खं हत्यार पोलादी आणि नेमका हाच तुकडा प्लॅस्टिकचा! दर उपटणीला नख्यांत मातीचा गोळा अडकतो आणि तो याच खटक्याने बाहेर ढकलावा लागतो. सगळ्यात जास्त हलणारा, सगळ्यात जास्त जोर सोसणारा भाग सगळ्यात हलक्या मालाचा कोण करतं? तो बोल्टच्या भोकाशीच चिरला. सुटा भाग मिळत नाही, नवीन पुलर घ्या म्हणे. एवढ्याशा तुकड्यापायी चांगलं हत्यार भंगारात घालणं मला मुळीच पटत नाही.

कामाचं म्हणाल तर सोटमूळ असलेल्या तणाला याच्यासारखं दुसरं काही नाही. पाऊस पडून गेल्यावर किंवा आदल्या दिवशी भरपूर पाणी दिल्यावर मुळासकट सळसळत वर येतं. कंबर वाकवावी लागत नाही, हे सुख वेगळंच. कोरड्या जमिनीत मात्र मूळ मधेच तुटतं आणि उरलेल्या तुकड्यातून पुन्हा फुटतं.

लव्हाळ्यावर मात्र याचा काही इलाज चालत नाही. सुरुवातीला मला वाटलं होतं, चिकाटीने उपटत राहिलं की संपेल. आता तसं वाटत नाही. त्याच्या गाठी जमिनीखाली माळेसारख्या ओवलेल्या असतात. नख्या फार तर वरची गाठ उचलतात, माळ तुटते आणि खाली झोपलेल्या गाठींना कोंब येतात. मी जिथून जोमाने उपटला, तिथेच तो दाट झाला. खोक्यावर मात्र ‘सर्व प्रकारच्या तणांसाठी’ असं छापलंय, आणि ते साफ खोटं आहे. गवतासारखं दिसणारं तण उपटण्याआधी दांडी बोटांत फिरवून बघा. तिकोनी लागली तर लव्हाळा. त्याला हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल हे तणनाशक लागतं, तेही लेबल वाचून, तुमच्या जातीच्या लॉनला चालतं का ते पाहून. ग्लायफोसेट मारलंत तर लॉनही जाईल, आणि २,४-डी मुख्यतः रुंद पानांच्या तणांवर चालतं.

आंबुटीला पुलर नकोच. ती रांगत जाते, कांड्याकांड्याला मुळं धरते. हातानेच सोडवायची, शेंगा तडकून बी उडायच्या आत.

एक गोष्ट कुणी सांगत नाही: प्रत्येक उपटणीला भोक पडतं, आणि उघड्या मातीत नवं तण आधी रुजतं. भोक त्याच दिवशी चाळलेल्या मातीने भरा, वर कडेच्या लॉनचा तुकडा दाबा. कापणीही एका वेळी पात्याच्या १/३ पेक्षा जास्त नको. लॉन दाट राहिलं की खालच्या बियांना ऊन कमी मिळतं.

खटक्याच्या जागी मी लोखंडी पट्टी, नट-बोल्ट आणि वॉशर बसवलेत. चिकणमातीचा गोळासुद्धा आता एका झटक्यात सुटतो, मूळ खटक्यापेक्षा चांगला. कंपनीने हाच भाग धातूचा करून सुटा विकावा, मी आजही पैसे मोजून घेईन.