पेरणी ते रास: खरीपभर हवामान अंदाज हाताशी धरून केलेली सोयाबीन

लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यात आमची सहा एकर काळी जमीन आहे, सगळी पावसाच्या भरवशावरची. खरिपात सोयाबीन आणि तूर, रब्बीत हरभरा. 2025 च्या खरिपात मी पहिल्यांदा मे ते ऑक्टोबर अंदाज वहीत उतरवून ठेवले आणि शेतीचे निर्णय त्यावर घेतले. कोणता अंदाज कुठे कामी आला आणि कुठे नाही, ते सांगते.

हे करायला लागले ते 2023 च्या ऑगस्टमुळे. त्या महिन्यात देशात सरासरीपेक्षा 36 टक्के कमी पाऊस झाला, 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट. आमचं सोयाबीन तेव्हा फुलातून शेंगेत जात होतं. रोज सकाळी सरीत फुलांचा सडा दिसायचा आणि झाड वरून हिरवंच असायचं. एल निनो येतोय हे त्या उन्हाळ्यात बातम्यांत रोज होतं. ते ऐकून मी काय बदललं होतं? काहीच नाही. तीच जात, तेवढीच पेर. ही बोच मनात राहिली.

अंदाज तीन प्रकारचे असतात हे मला दोन वर्षांत हळूहळू समजलं. पहिला संपूर्ण हंगामाचा. भारतीय हवामान विभाग तो एप्रिलमध्ये देतो आणि मे अखेरीस सुधारतो. 2025 साठी आधी सरासरीच्या 105, मग 106 टक्के सांगितले होते, प्रत्यक्षात देशात 108 टक्के झाला. अंदाज चांगला उतरला. पण देशाच्या आकड्यावरून माझ्या शिवारात कधी पडेल ते कळत नाही. त्यातून मी एकच गोष्ट ठरवली: पाऊस जास्तीकडे झुकतोय तर वरच्या चार एकरांत बीबीएफनं, म्हणजे रुंद वरंब्यावर पेरायचं, पाणी सरीतून निघून जाईल. खालचे दोन एकर ओढ्याकाठी आहेत. तिथे यंत्र फिरवायला अडचण म्हणून सपाटच ठेवले.

दुसरा अंदाज दर गुरुवारी येणारा, पुढच्या चार आठवड्यांचा. कोणत्या आठवड्यात कोणत्या भागात सरासरीपेक्षा जास्त, कोणत्या भागात कमी, एवढंच रंगाच्या नकाशावर असतं. माझ्या मते कोरडवाहू शेतकऱ्याच्या सगळ्यात कामाचा अंदाज हाच आहे आणि सगळ्यात कमी लोक बघतात तोही हाच. आमचे सासरे पंचांग उघडून नक्षत्र आणि त्याचं वाहन बघतात. एक नक्षत्र साडेतेरा दिवसांचं. पेरणी, कोळपणी, फवारणी यांचा हिशेब आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या पंधरवड्यानंच चालत आलाय. गुरुवारचा नकाशाही त्याच मापाचा, म्हणून तो त्यांना समजावताना मला अडचण आली नाही. पहिल्या दोन आठवड्यांवर भिस्त ठेवायची, पुढचे दोन नुसते नजरेखाली घालायचे.

तिसरा पाच दिवसांचा. मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा कृषी सल्ला आणि मोबाइलवरचं मेघदूत ॲप. फवारणी, खत, काढणी यांसाठी हा.

आता पेरणीचं सांगते, कारण खरी कसोटी तिथेच लागली. 2025 मध्ये मान्सून केरळात 24 मे ला आला आणि 26 मे ला मुंबईत, तिथली आजवरची सगळ्यात लवकरची तारीख. आमच्याकडे मे मध्येच रानं भिजली होती. धाकटे दीर 30 मे ला बांधावर येऊन म्हणाले, "वहिनी, रान वापशावर आहे. आत्ता नाही पेरायचं तर कधी?" मी वीतभर उकरून मूठभर माती दाबून बघितली. गोळा झाला, बोट लावताच फुटला. वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, खरोखरच होता. आजूबाजूला ट्रॅक्टरला पेरणीयंत्रं जोडली जात होती. पण आदल्या दिवशीच्या नकाशात जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मराठवाड्यावर कमी पावसाचा रंग होता. कृषी विभागही पेरणीची घाई करू नका, असंच सांगत होता. घरचं बियाणं गोणपाटात तपासलेलं होतं, शंभरात 74 दाणे उगवले होते. दुबार पेरायची वेळ आली तर दुसरं बियाणं विकत आणायला पैसे नव्हते. "भाऊजी, पंधरा दिवस थांबू," एवढंच मी म्हणाले. ते पंधरा दिवस घरात कोणी माझ्याशी धड बोललं नाही.

मान्सून मे च्या शेवटी थबकला तो जूनच्या मध्यापर्यंत. शेजारच्या रानात सोयाबीन दोन पानांवर आलं आणि उन्हानं माना टाकू लागलं. त्या वर्षी केंद्र सरकारनं 13 राज्यांतल्या 3.8 कोटी शेतकऱ्यांना एम-किसान या मोबाइल संदेश सेवेवरून मान्सूनच्या आगमनाचे अंदाज पाठवले होते. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या मॉडेलांच्या आधारे केलेल्या त्या अंदाजांत हा मधला खंड आधीच दिसला होता. आम्ही 19 जूनला पेरलं. तोवर अंगणातल्या पर्जन्यमापकात नव्या पावसाचे 80 मिलिमीटर भरले होते. उगवण एकसारखी झाली.

इथेच थांबले असते तर हा अनुभव फार गोड झाला असता. पण ज्यांनी मे अखेरीस पेरून तुषार सिंचनावर पीक जगवलं, त्यांचं सोयाबीन सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात घरात आलं. आमची जात 95 ते 100 दिवसांची. 19 जूनपासून मोजा, काढणी नेमकी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात येते. त्या आठवड्यात मराठवाड्यात आणि सोलापूरकडे अतिवृष्टीनं आणि पुरानं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. सप्टेंबरमध्ये सरासरीच्या 109 टक्क्यांहून जास्त पाऊस होईल, हा देशाचा अंदाज ऑगस्टच्या शेवटच्या दिवशीच आला होता. मला माहीत होतं. पण शेंगा भरत असलेलं पीक उचलून कुठे नेणार? वरच्या चार एकरांत सऱ्यांची तोंडं मोकळी केली. खालच्या दोन एकरांत पाणी तीन दिवस उभं राहिलं. उतरल्यावर आत गेले तर पायाखाली चिखल आणि हातात आलेल्या शेंगेत दाण्याला कोंब फुटलेला.

जूनमधला माझा निर्णय चुकला असं मी मानत नाही. आमच्याकडे तुषार संच नाही, 30 मे ला पेरलं असतं तर पीक जूनमध्येच करपलं असतं. पण गुरुवारच्या नकाशाला पेरणी दिसते, काढणी दिसत नाही. म्हणून पुढच्या खरिपात सगळं रान एका जातीखाली घालणार नाही, निम्म्यात 85 ते 90 दिवसांची लवकर येणारी जात पेरणार.

काढणीला मात्र पाच दिवसांच्या अंदाजानं हात दिला. दसऱ्यानंतर चार दिवस उघडीप दिसली, त्याच संध्याकाळी मजुरांशी काढणीचं गुत्तं ठरवलं. चार एकरांची काढणी करून गंजी लावून ताडपत्रीखाली घेतली आणि रासही, म्हणजे मळणी, त्याच उघडिपीत उरकली. दाणा थोडा डागी निघाला, पण कोरडा घरात आला.

एका खासगी ॲपचे वर्षाचे पैसेही भरले होते. ते पुन्हा भरणार नाही. जुलैत चक्री भुंग्यावर फवारणी करायची होती, त्यावर दिवसभर ऊन दाखवत होतं. दुपारी चारला सर आली आणि सगळं औषध धुऊन गेलं. अशी चूक कुठल्याही अंदाजाची होऊ शकते. जुनी माणसं म्हणतात तसं बैलाचं एक शिंग भिजतं आणि दुसरं कोरडं राहतं. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. "40 टक्के शक्यता" असा आकडा रोज समोर यायचा आणि त्यात फवारावं की थांबावं याबद्दल एक ओळही नसायची. माहेरचं गाव आमच्यापासून 30 किलोमीटरवर, तिथलाही आकडा रोज तोच. इशारे रात्री अकराला यायचे.

दामिनी मात्र प्रत्येकाच्या फोनवर हवंच. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं केलेलं हे ॲप जवळपास वीज पडण्याचा इशारा देतं. खुरपणीच्या बायका रानात असताना मी ते उघडं ठेवते. दोनदा त्यांना झाडाखालून उठवून घरी आणलं.

आपल्याकडे दोन हजारांवर महसूल मंडळांत महावेधची स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत. इंडोनेशियाचं कृषी मंत्रालय काताम नावाचं पेरणीचं वेळापत्रक तालुक्याहून लहान भागासाठी देतं, कधी लावायचं आणि कोणती जात घ्यायची यासकट. मंडळनिहाय तसं एक पान मे मध्ये आणि एक ऑगस्टमध्ये ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावं, ही माझी मनापासूनची मागणी आहे.

सध्या वरच्या चार एकरांत हरभरा आहे. खालच्या दोन एकरांच्या कडेनं ओढ्यापर्यंत चर काढायचा ठरलाय, दिरांनी स्वतः दोरी लावून आखणी केली आहे. गुरुवारी संध्याकाळी "वहिनी, नकाशा आला का?" असं आता तेच विचारतात.