जुन्या कॅमेऱ्यांसाठी घेतलेली हत्यारं : पावसाळा उलटल्यानंतर

पेन्टॅक्स के१००० हा फिल्म कॅमेरा आणि रशियन हेलिओस ४४-२ लेन्स घरीच दुरुस्त करायची म्हणून गेल्या उन्हाळ्यात हत्यारं जमवली. आता थंडीही संपत आली. त्यातली निम्मी खोक्यातच पडून आहेत.

पैसे वसूल झाले ते जेआयएस, म्हणजे जपानी मापाच्या, स्क्रूड्रायव्हरचे. जपानी कॅमेऱ्याचा स्क्रू दिसतो फिलिप्ससारखा, पण फिलिप्सचं टोक खाचेत तळापर्यंत बसत नाही. जोर दिला की वर सरकतं आणि स्क्रूचं डोकं खातं. व्हेसल या जपानी कंपनीचा एकेक ड्रायव्हर रंगीत फिल्म रोलच्या भावात जातो, तरी घ्याच. के१०००ची तळाची प्लेट किती वेळा उघडली असेल, एकाही स्क्रूवर ओरखडा नाही. मागच्या दाराचा, उजेड अडवणारा पण आता चिकट झालेला फोम काढायला तर ड्रायव्हरही लागत नाही. आइस्क्रीमची काडी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरे.

हेलिओसपुढे हे जपानी ड्रायव्हर निरुपयोगी. तिचे स्क्रू सरळ खाचेचे आणि बारीक. त्यासाठी नाशिकच्या मेन रोडला घड्याळाचं सामान विकणाऱ्या दुकानातून चपट्या टोकाचे ड्रायव्हर आणले. स्वस्त, पण टोकाची धार बसते, ती अधूनमधून दगडावर लावावी लागते.

ऑनलाइन मागवलेला लेन्स स्पॅनर (लेन्सच्या खाचा असलेल्या रिंगा फिरवायचं दोन टोकांचं हत्यार) आला तसा वापरण्याजोगा नव्हता. टोकं जाड, रिंगच्या खाचेत जाईनात. अंबडच्या एका टूलरूममध्ये घासून घेतली, तेव्हापासून तक्रार नाही. पुढची नावाची रिंग फिरवायला मिळणारे रबरी ठोकळे मात्र घेऊ नका, सायकलच्या ट्यूबचा तुकडा तेच काम करतो.

हेलिओसचं जुनं ग्रीस घट्ट झालं होतं, म्हणून हेलिकॉइड, म्हणजे फोकससाठी फिरणारा आट्यांचा भाग, सोडवावं लागलं. त्याचे आटे एकाहून जास्त ठिकाणी सुरू होतात. दोन भाग नेमके कुठे सुटले तिथे खूण केली नाही, तर जोडताना चुकीचा आटा धरला जातो आणि इन्फिनिटी, म्हणजे खूप लांबचा फोकस, हुकते. तपासणी सोपी आहे : दार उघडून फिल्मच्या रुळांवर ट्रेसिंग पेपर ताणायचा, शटर ‘बी’वर (बटण दाबलं असेतोवर शटर उघडं राहतं ती खूण) केबलने उघडं धरायचं आणि गच्चीवरून पांडवलेणीच्या डोंगराची कड बघायची. हेलिओसचा एम४२ आणि पेन्टॅक्सचा के, दोन्ही माउंटचं (लेन्स बसते त्या कडीचं) फिल्मपासूनचं अंतर ४५.४६ मिमी आहे, त्यामुळे माउंटच्या आत पूर्ण बसणारा अॅडॉप्टर लावूनही ही तपासणी खरी ठरते.

लेन्समधला उजेड कमी-जास्त करणाऱ्या पात्यांवरच्या तेलाचा उगाच बाऊ होतो. हेलिओस ४४-२ची पाती हातानेच मिटतात, थोडं तेल असलं तरी फरक पडत नाही. पेन्टॅक्सच्या ऑटो लेन्सला मात्र क्लिकच्या क्षणी ती झटकन मिटायला हवीत. तेलाने रेंगाळली की फोटो जास्त उजळ येतो. तिथे लायटरच्या फ्लुइडने धुवाच.

श्रावणात लेन्सच्या आत बुरशी धरली, ती मेडिकलमधल्या हायड्रोजन पेरॉक्साइडने निघाली. कोटिंगच खाल्लं गेलं असेल तर व्रण राहतो, त्याला इलाज नाही. तेव्हापासून लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवतो. निळे दाणे गुलाबी झाले की बदलतो.

शटर मी दुरुस्तीसाठी खोललेलं नाही, खोलणारही नाही. फोनच्या सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो-मोशनमध्ये १/३० सेकंदापर्यंतचे शटरचे वेग ठीक मोजता येतात. १/१००० साठी तो उपयोगाचा नाही, म्हणून आता सेन्सरवाला टेस्टर मागवला आहे.