‘मावशी, पोलीस आहे मी’ : जळगावात भर सकाळी माझे सात तोळे गेले

चार तोळ्यांच्या पाटल्या, अडीच तोळ्यांचं मंगळसूत्र, पाच ग्रॅमची अंगठी. एकूण सात तोळे. त्या आठवड्यातल्या बावीस कॅरेटच्या भावाने सराफाने हिशोब काढून दिला, ६,४४,००० रुपये. ज्याने नेलं त्याने चाकू काढला नाही की गळ्याला हात घातला नाही. ‘मावशी, पोलीस आहे मी,’ एवढं म्हणाला आणि घेऊन गेला.

तोतया पोलिसांचा प्रकार सगळ्यांना माहीत आहे. जळगाव, धुळे, भुसावळ, नंदुरबार, कुठलाही पेपर उघडा, आठ-पंधरा दिवसांत एखादी बातमी असतेच. मीही वाचत होते. तरी ‘तुम्ही एवढ्या शिकलेल्या, अशा कशा फसल्या?’ हे ज्याच्या त्याच्या तोंडून ऐकून मला वीट आलाय, म्हणून नीट सांगते.

मागच्या श्रावणातला सोमवार. सकाळी साडेदहाला महादेवाच्या देवळातून परत येत होते. रस्ता वाहता होता, दुकानं उघडली होती. मोटारसायकलवर दोघं आले. एकाने खाकी पँट घातलेली, केस बारीक कापलेले. गळ्यातलं ओळखपत्र त्याने दाखवलं आणि लगेच खिशात घातलं. म्हणाला, ‘काल रात्री पुढच्या गल्लीत एका बाईला भोसकून दागिने नेले. आमचे साहेब पुढे उभे आहेत, तपासणी चालू आहे. एवढं सोनं घालून कुठे निघालात?’

माझ्या जागी तुम्ही असतात तर काय वाटलं असतं? या शहरात असं घडत नाही का? आमच्या कॉलनीत फिरायला निघालेल्या बाईची पोत ओढली, ती पडून तिचं मनगट मोडलं. मुलांकडे पुण्याला चार दिवस गेलेल्यांचं घर फोडलं. दारातून मोटारसायकली जातात, पोरांच्या कमरेला गावठी कट्टे सापडतात. खरे पोलीस तरी काय सांगतात? सणासुदीला गाडीवर भोंगा लावून, एसटी स्टँडवर फलक लावून हेच सांगतात की दागिने घालून फिरू नका. तो माणूस तेच बोलला. शहरात भीती खरी आहे म्हणूनच त्याचं खोटं चाललं. यात माझा भोळेपणा काय ते मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

तेवढ्यात समोरून एक चाळिशीतला माणूस आला. त्यालाही अडवलं, दरडावलं, ‘सकाळी सांगितलं होतं ना, चेन काढून ठेव म्हणून?’ तो बिचाऱ्यासारखा ‘हो साहेब, चुकलं साहेब’ करत राहिला. चेन काढली, त्यांनी कागदात गुंडाळून त्याच्या खिशात घातली आणि त्याला जाऊ दिलं. तो त्यांच्यातलाच होता. हा तिसरा माणूस लक्षात ठेवा. पोलीस म्हणवणारा एकटा असता तर मी चार प्रश्न विचारले असते. दुसऱ्याने मुकाट ऐकलं की आपणही ऐकतो.

आणि कागद. रात्री झोप लागत नाही ती त्या कागदामुळे. त्याने शर्टाच्या खिशातून वर्तमानपत्राचे तुकडे काढले. सारख्या मापाचे, चौकोनी, कडा सरळ कापलेल्या, मधोमध आधीच घडी पडलेली. किराणा दुकानात पुडीसाठी कापून ठेवतात तसे. कुठला पोलीस असे कागद कापून खिशात ठेवतो? ते माझ्या डोळ्यांपुढे होतं, घडीसकट दिसलं होतं. पण तेव्हा माझं लक्ष पाटलीकडे. उजव्या हाताची निघत नव्हती आणि दुसरा ‘लवकर करा मावशी, साहेब येतील’ म्हणून घाई करत होता. पुडी त्याने स्वतः बांधली, माझ्या पिशवीत स्वतः घातली, वरून रुमाल दाबला. ‘घरी जाऊनच उघडा.’

घरी उघडली. दोन प्लास्टिकच्या बांगड्या आणि मूठभर खडी. शेजारच्या काकू धावत आल्या, ‘काय झालं वो माय?’ माझ्या तोंडून शब्द फुटेना.

इथून पुढचं जास्त चीड आणणारं आहे.

ठाण्यात पहिला प्रश्न, ‘आजी, तुम्हीच काढून दिलं ना? मग चोरी कशी म्हणायची?’ दुसरा सल्ला, ‘गहाळ झाल्याचा दाखला देतो, सोपं पडेल.’ कोणाला सोपं? सात तोळे माझ्या हातातून रस्त्यावर पडले का? मुलगा भांडायला लागला तर म्हणाले, देवळाच्या बाजूचा रस्ता आमच्या हद्दीत, समोरचा दुसऱ्या ठाण्याच्या. आम्ही तिकडे गेलो, तिथून परत इकडे. ‘गहाळ’ शब्दावर सही करू नका, कोणी कितीही गोड बोललं तरी. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू आहेत. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) आहे, सरकारी नोकर असल्याची बतावणी करण्याला कलम २०४. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणाचीही असो, दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास करू शकतात अशा गुन्ह्याची, फिर्याद घ्यावीच लागते आणि तिची प्रत फुकट द्यावी लागते. नाही घेतली तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येतं. माझ्यासारख्या उघड दखलपात्र गुन्ह्यात ‘आधी चौकशी करू, मग नोंदवू’ हे तर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ सालीच ललिता कुमारी खटल्यात निकालात काढलंय. हे मला वकिलाने सांगितलं. ठाण्यातल्या एकालाही सांगावंसं वाटलं नाही.

शेवटी गुन्हा नोंदला, तर किंमत किती? १,७९,६०० रुपये. पाटल्या २०१२ सालच्या, त्यांचं बिल होतं १,३४,६०० चं, तेच धरलं. मंगळसूत्र लग्नातलं, त्याचं बिल कुठून आणू? त्याचे अंदाजे ४०,००० आणि अंगठीचे ५,००० लिहिले. तोळा लाखाच्या घरात असताना! असं कागदावर आणलं की शहरातली गुन्हेगारी आपोआप लहान दिसते. फिर्याद लिहून घेताना वजन आणि त्या दिवसाचा बाजारभाव दोन्ही लिहायला लावा, आणि वाचल्याशिवाय सही करू नका.

चौकातला कॅमेरा बंद होता. औषधाच्या दुकानाचा चालू होता, त्यात ती मोटारसायकल दिसते, मागच्या नंबरावर चिखल थापलेला. दुकानदार दाखवायला तयार होता. तपास करणारे साहेब ‘बघतो’ म्हणाले. दुकानांच्या यंत्रात ठरावीक दिवसांनी जुनं आपोआप पुसलं जातं, म्हणून मुलाने मोबाइलमध्ये उतरवून आणलं आणि नेऊन दिलं. तुमच्यावर वेळ आली तर त्याच दिवशी उतरवून घ्या, कोणाची वाट बघू नका.

‘टोळी बाहेरची असते, भुसावळला गेले, गाडी पकडली की संपलं.’ हे उत्तर मला इतक्यांदा मिळालंय की पाठ झालंय. मग भुसावळच्या फलाटावर त्या दिवशी कोणी उभं होतं का? सोनं घ्यायला कुठून कुठून लोक जळगावला येतात, सुवर्णनगरी म्हणून आपण मिरवतो, आणि इथली बाई खोटी पोत घालून देवळात जाते.

खरा पोलीस रस्त्यात दागिने काढायला सांगत नाही. बाईची झडती बाई पोलीसच घेते. कोणी थांबवलं तर जवळच्या दुकानात शिरा, ११२ लावा, ‘ठाण्यात चला, तिथे काढते’ असं मोठ्याने म्हणा. घरातल्या सासूबाईंना, आईला हे तोंडपाठ करून द्या. बातम्या वाचून भागत नाही, मी वाचलेल्या होत्या.

आता म्हणतात, आरोपी सापडले नाहीत तर ‘अ’ समरी होईल, म्हणजे गुन्हा खरा पण तपास बंद. त्याआधी अधीक्षक कार्यालयात अर्ज दिलाय, आवक क्रमांक आणि शिक्का घेतलाय. शहरात माझ्यासारख्या आणखी बायका आहेत, लाजेने घरात सांगितलेलंसुद्धा नाही. त्यांनी फिर्याद द्यावी. चौकोनी कागदाची पुडी आणि तो चेन काढणारा तिसरा माणूस तुमच्याही बाबतीत असेल, तर ते फिर्यादीत लिहाच. पद्धत एक निघाली तर या वेगवेगळ्या फिर्यादींचा एकत्र तपास करा, असं आपल्याला लेखी मागता येईल.